आईचा टू-डी इको काढायचा आहे: तयारी काय करावी आणि आत नेमके काय होते?

सड्यावरची (देवगड तालुका) | प्रश्न

माझी आई 67 वर्षांची असून तिला गेली काही वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. यंदा पावसाळा सरल्यापासून व्हाळाकडून घराकडे येणारी घाटी चढताना तिला दम लागतो, मध्येच गडग्यावर टेकावे लागते आणि संध्याकाळी पावलांवर थोडी सूज दिसते. बसल्या जागी मात्र काही त्रास नाही आणि रात्री झोपही लागते. कणकवलीच्या फिजिशियननी ईसीजीची पट्टी काढली, तीत फारसे काही नाही असे सांगितले आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणण्यास लिहून दिले. त्यासाठी पुढच्या आठवड्यातील वार मिळाला आहे.

आईचे म्हणणे एकच, "माका काय एक झाला नाय, वय झाला की धाप लागताच." त्यात वाडीत प्रत्येकाने आपापली माहिती पुरवली आहे. एकाच्या मते बोगद्यासारख्या यंत्रात झोपवतात, दुसऱ्याच्या मते छातीला करंट देतात, आणि शेजारच्या काकूंनी आदल्या रात्रीपासून पाणीही पिऊ नये असे बजावले आहे. आईची खरी अडचण निराळी आहे आणि ती तिने फक्त मला सांगितली: छातीवरचे कपडे काढावे लागतात का, आणि तपासणारा पुरुष असला तर काय करायचे?

ज्यांनी स्वतः ही तपासणी करून घेतली आहे किंवा घरच्या कोणाला नेले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. उपाशी जायचे का, सकाळची गोळी घ्यायची का, वेळ किती लागतो आणि अहवाल त्याच दिवशी हाती येतो का, हे कळले तर परतीच्या एसटीचा अंदाज बांधता येईल.

खाडीपल्याड (मालवण)

ताई, माझी अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे मला हा इको अधूनमधून करावा लागतो, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहितो. बोगदा नाही, करंट नाही, सुई नाही. वाडीतल्या लोकांनी एमआरआय, शॉक आणि इको यांची गल्लत केलेली दिसते.

खोलीत एक पलंग, शेजारी पडदा असलेले यंत्र आणि त्याला वायरने जोडलेला, मुठीत मावेल एवढा प्रोब असतो. आधी छातीवर ईसीजीचे तीन स्टिकर लावतात, त्यामुळे हृदयाचे ठोके पडद्याच्या कडेला रेषेच्या रूपात दिसत राहतात. मग डाव्या कुशीवर वळायला सांगतात आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला लावतात. प्रोबवर जेल लावून तो बरगड्यांच्या मधल्या फटीत टेकवतात. जेल थंड लागते, आणि खोलीत एसी असल्यामुळे पहिल्या क्षणी अंगावर काटा येतो, एवढाच काय तो धक्का. पुढे प्रोब जरा दाबून धरतात. हाडकुळ्या माणसाला बरगडीवर ते किंचित टोचते, पण त्याला दुखणे म्हणता येणार नाही. मधूनमधून "श्वास सोडा, आता थांबवा" अशा सूचना येतात. शेवटी उताणे झोपवून, गुडघे दुमडायला लावून पोटाच्या वरच्या भागातून आणि मान मागे करून गळ्याच्या खळगीतूनही पाहतात. गळ्याजवळ प्रोब आला की माणूस दचकतो, म्हणून आईंना हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एका गोष्टीची कल्पना द्यावी. तपासणी चालू असताना यंत्रातून अचानक सूं-सूं, फस्-फस् असा मोठा आवाज येतो. पहिल्या वेळी माझ्या हृदयातच काही फाटले की काय असे मला वाटले होते. तो रक्ताच्या वेगाचा आवाज यंत्र तयार करून ऐकवते आणि तो सगळ्यांचाच येतो. पडद्यावर लाल-निळे रंग उसळतात, तेही सगळ्यांचेच.

आमच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर आहे. तो पाण्यात ध्वनी सोडतो आणि थव्यावर किंवा तळावर आपटून परत आलेल्या ध्वनीवरून चित्र काढतो. इकोचे तत्त्व तेच आहे, असे मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी समजावले, तेव्हा माझी भीती तिथेच संपली. पुढे वाचनात आले की 1953 साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी हृदयावर पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी वापरलेले यंत्र धातूतील तडे शोधण्याचे होते आणि ते माल्मो येथील जहाजबांधणीच्या गोदीतून उसने आणलेले होते. दर्यावर पोट असलेल्या माणसाला ही माहिती आवडणारच.

मला साधारण वीस मिनिटे लागतात. अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो, पण बाहेरची रांग किती असेल ते सांगता येत नाही. परतीची शेवटची गाडी गृहीत धरून निघा.

वेंगुर्ल्याची सून

ताई, तुमच्या आईंचा जो खरा प्रश्न आहे त्यावर मी लिहिते, कारण माझ्या सासूबाईंनी नेमक्या याच कारणासाठी कितीतरी दिवस तपासणी लांबवली होती.

कमरेच्या वरचे कपडे सोडावे लागतात, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. डाव्या स्तनाच्या खालच्या बाजूने प्रोब लावावा लागतो, त्यामुळे आतला कपडाही काढावा लागतो. परंतु उघडे ठेवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी पुढून उघडणारा गाऊन देतात आणि नसला तर चादर पांघरून हवा तेवढाच भाग मोकळा करतात. आईंना पुढून हुक असलेला, सैल, जुना ब्लाउज आणि सुती साडी नेसवून न्या आणि घरून एक स्वच्छ पंचा सोबत घ्या. तो पांघरायलाही उपयोगी पडतो आणि शेवटी जेल पुसायलाही. जेलचा डाग पडत नाही. मंगळसूत्र काढण्याची गरज नसते, ते खांद्यावरून मागे सारले तरी चालते. आमच्या सासूबाईंना या एका गोष्टीने जेवढा धीर आला तेवढा इतर कशानेही आला नाही.

वार घेताना फोनवरच विचारा की तपासणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष. स्त्री डॉक्टर प्रत्येक ठिकाणी असतीलच असे नाही, पण पुरुष असल्यास खोलीत परिचारिका हवी, किंवा मुलीला आत थांबू द्यावे, असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ते आत गेल्यावर कुजबुजत नव्हे तर आधीच मोकळेपणाने सांगावे. आम्ही सांगितले तेव्हा कोणी कपाळाला आठी घातली नाही.

त्या दिवशी सकाळी छातीला खोबरेल किंवा बाम चोळू देऊ नका, स्टिकर चिकटत नाहीत. गुडघे दुखत असतील तर पलंगावर चढायला स्टूल मागा आणि कुशीवर झोपवताना पाठीला उशी लावून घ्या.

डावी कूस (रत्नागिरी जिल्हा)

मी फिजिशियन असून इको तपासणी स्वतः करतो. वरील दोन्ही उत्तरांत तपासणीचे वर्णन योग्य आहे, त्यामुळे त्याची पुनरुक्ती न करता राहिलेल्या गोष्टी लिहितो. रुग्णाला न तपासता निदान करता येत नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

उपाशी राहण्याची गरज नाही. आईंनी नेहमीसारखी न्याहारी करावी, पाणी प्यावे आणि रक्तदाबाची गोळी ठरल्या वेळी घ्यावी. देवगडहून कणकवलीपर्यंत उपाशीपोटी, गोळी चुकवून, एसटीत उभ्याने आलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढलेला असतो आणि त्याचा परिणाम तपासणीतील काही मोजमापांवर होतो. पोहोचल्यावर त्यांना पंधरा-वीस मिनिटे शांत बसू द्यावे. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू असते ते प्रवासाच्या भीतीने ती परस्पर टाळतात. तसे न करता वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. उपाशी राहायला सांगतात ते अन्ननलिकेतून करायच्या इकोसाठी आणि काही प्रमाणात स्ट्रेस इकोसाठी, म्हणजे हृदयावर ताण देऊन करायच्या इकोसाठी. शेजारच्या काकूंनी त्यांपैकीच एखादी तपासणी पाहिलेली असावी.

या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो. माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर प्रौढांच्या इकोमध्ये सामान्यतः 20 ते 50 लाख हर्ट्झचा ध्वनी वापरतात. हा ध्वनी हवेतून नीट पुढे जात नाही, म्हणून प्रोब आणि कातडी यांच्यामधली हवा घालवण्यासाठी जेल लागते. डाव्या कुशीवर वळवण्याचे कारणही तेच आहे, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीलगत येते आणि मध्ये येणारे हवेने भरलेले फुप्फुस थोडे बाजूला सरते. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या किंवा दम्याच्या रुग्णांचे फुप्फुस फुगलेले असते, आणि स्थूल व्यक्तींमध्ये चरबीचा थर आड येतो. अशा वेळी चित्र अस्पष्ट दिसते आणि वेळही जास्त लागतो. तेव्हा तपासणारा एकाच जागी बराच वेळ रेंगाळला म्हणजे तिथे काहीतरी भयंकर सापडले, असा अर्थ रुग्णाने काढू नये. बहुतेक वेळा तो नीट चित्र मिळण्याची वाट पाहत असतो.

लाल-निळ्या रंगांविषयी एक खुलासा. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, असे मला जवळजवळ रोज कोणीतरी सांगते. रंगांचा शुद्धतेशी संबंध नाही. प्रोबच्या दिशेने येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा, अशी ती खूण आहे. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 साली मांडलेल्या तत्त्वावर हा भाग चालतो. झडप आकसली असेल तर तिथून रक्त किती वेगाने जाते, आणि ती नीट मिटत नसेल तर किती रक्त उलट फिरते, हे त्यावरून ठरवता येते.

आता अहवालाविषयी, कारण घरी गेल्यावर खरी धावपळ त्यावरूनच होते. लोक आधी पंपिंगचा आकडा शोधतात. हा आकडा सर्वसाधारणपणे 55 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतो. तो 60 आला की काही जण 40 टक्के हृदय निकामी झाले असे समजून हातपाय गाळतात. निरोगी हृदयदेखील एका ठोक्यात आपल्यातले सगळे रक्त बाहेर फेकत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात भरल्यावेळी 120 मिलिलिटर रक्त असेल आणि ठोक्यागणिक त्यातले 70 मिलिलिटर बाहेर जात असेल, तर पंपिंग सुमारे 58 टक्के होते आणि ते चांगले आहे. 100 टक्के कोणाचेच नसते.

याशिवाय आईंच्या वयात आणि रक्तदाबाच्या इतिहासात दोन-तीन शब्द अहवालात हमखास भेटतात. 'ट्रिव्हियल एमआर' म्हणजे झडपेतून नाममात्र गळती, जी असंख्य निरोगी माणसांतही आढळते. 'एलव्हीएच' म्हणजे वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध काम करून डाव्या कप्प्याची भिंत जाड होणे. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' म्हणजे आकुंचन ठीक असले तरी हृदय सैल पडून भरण्यात थोडा ताठरपणा येणे. साठीनंतर हा शेवटचा शेरा इतक्यांच्या अहवालात असतो की तो वाचून रात्र जागवू नये. मात्र दम लागत असताना तो दुर्लक्षूही नये. तो रक्तदाब, सूज, वरच्या कप्प्याचा आकार आणि फुप्फुसांकडील दाब यांच्या जोडीने वाचायचा असतो, आणि ते काम लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे आहे.

परळचा चाकरमानी

एवढे सगळे वाचले, पण माझ्या मामांचा इको गणपतीच्या आधी नॉर्मल आला होता आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना हार्ट अटॅक आला. मग या तपासणीवर विश्वास तरी किती ठेवायचा? त्यापेक्षा थेट कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला नेऊन अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, केलेली काय वाईट?

डावी कूस (रत्नागिरी जिल्हा)

आपल्या मामांच्या बाबतीत काय घडले ते त्यांची कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, परंतु असे घडू शकते आणि त्याचे कारण प्रत्येकाने समजून घ्यावे. साध्या इकोत हृदयाचे कप्पे, झडपा, स्नायूंची हालचाल आणि भोवतीच्या आवरणातील पाणी दिसते. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या, काही मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्यांमधील अडथळा त्यात दिसत नाही. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असली तरी विश्रांतीच्या अवस्थेत स्नायूला पुरेसे रक्त मिळत असते, त्यामुळे पलंगावर झोपलेल्या रुग्णाचे हृदय व्यवस्थित हलताना दिसते. शिवाय रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पूर्वी किरकोळ असलेला चरबीचा थर अचानक फुटून त्यावर गुठळी धरते आणि अटॅक येतो. असा थर आदल्या आठवड्यातल्या इकोतही कळला नसता. म्हणून 'इको नॉर्मल' याचा अर्थ 'ब्लॉकेज नाही' असा कधीही घेऊ नये. छातीत दुखत असेल किंवा चालताना छाती दाटून येत असेल, तर नॉर्मल इकोवर समाधान न मानता स्ट्रेस टेस्ट किंवा पुढील तपासणीबद्दल विचारलेच पाहिजे.

पण म्हणून दम लागणाऱ्या प्रत्येकाला थेट अँजिओग्राफीला नेणे योग्य ठरत नाही. तीत नळी घालावी लागते, रंगद्रव्य द्यावे लागते, त्यात थोडा का होईना धोका असतो, आणि दम लागण्याचे कारण झडपेत, स्नायूच्या ताठरपणात किंवा हृदयाबाहेर असेल तर हाती काहीच लागत नाही.

सड्यावरची (देवगड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. मंगळसूत्राचे ऐकून आई हसली आणि यायला तयार झाली. डॉक्टरसाहेब, आणखी दोन शंका आहेत. इको चांगला आला तर दम लागण्याचा विषय संपला असे समजायचे का? आणि आपण उल्लेख केलेला अन्ननलिकेतून करायचा इको तिलाही सांगतील का? तेवढे कळले तर बरे, कारण त्या कल्पनेनेच ती पुन्हा माघार घेईल.

डावी कूस (रत्नागिरी जिल्हा)

विषय संपत नाही. इको समाधानकारक असेल तर हृदयाची बरीच मोठी कारणे बाजूला पडतात, पण दम रक्त कमी असल्यानेही लागतो, फुप्फुसांमुळेही आणि थायरॉइडमुळेही. हिमोग्लोबिन गेल्या काही महिन्यांत तपासलेले नसेल तर ते आधी पाहावे. आपल्याकडे वयस्क बायका स्वतः सर्वांत शेवटी जेवतात आणि थकव्याला वयाचे नाव देतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. पायांच्या सुजेबाबत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव पाहा. ती अ‍ॅम्लोडिपिन असेल तर निव्वळ त्या औषधानेही घोट्यांवर सूज येऊ शकते. असे असले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पाकीट डॉक्टरांसमोर ठेवावे आणि विचारावे.

त्यांना लहानपणी सांधे सुजून दीर्घकाळ ताप आला होता का, हेही आठवून पाहायला सांगा. त्या तापाने झडपेवर झालेला परिणाम कधीकधी फार उशिरा लक्षात येतो, आणि ही माहिती असेल तर तपासणारा झडपा अधिक बारकाईने पाहतो. पूर्वी कधी इको झाला असेल तर तो अहवाल, ईसीजीची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी. एकट्या आकड्यापेक्षा दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशी केलेली तुलना आम्हाला जास्त सांगते.

अन्ननलिकेतून करायचा इको ही नेहमीची तपासणी नाही. वरच्या कप्प्यात गुठळी आहे का, झडपेवर जंतुसंसर्ग आहे का, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे का, असे ठरावीक प्रश्न छातीवरून सुटले नाहीत तरच तो करतात. त्यासाठी साधारण सहा तास उपाशी ठेवतात, घसा बधिर करतात आणि बहुधा गुंगीचे औषध देतात. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून आजच त्याचा विचार करण्याचे काही कारण मला दिसत नाही, त्यामुळे आईंजवळ तो विषय काढूच नये.

मात्र तपासणीच्या तारखेआधी बसल्या जागी धाप लागली, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावे लागले, छातीत दाटून घाम फुटला किंवा भोवळ येऊन त्या पडल्या, तर मिळालेल्या वाराची वाट पाहू नका. 108 वर फोन करून त्यांना जवळच्या रुग्णालयात हलवा. इको तिथे नसला तरी प्राणवायू, ईसीजी आणि पहिले उपचार तिथे सुरू होतात.